घटपर्णीला घट का येत नाहीत: मेघालयाच्या डोंगरउतारावर सापडणारे उत्तर

आपण लिहिले आहे की, आठ महिन्यांपूर्वी पुण्यातील एका रोपवाटिकेतून आणलेल्या घटपर्णीला, म्हणजे पानांच्या टोकांना किडे पकडणारे घट येणाऱ्या वनस्पतीला, त्या वेळी सात घट होते. आपण तिला गांडूळखत मिसळलेल्या मातीत, मोठ्या कुंडीत लावले, बोअरवेलचे पाणी नियमाने दिले, घटांमध्ये अधूनमधून मुंग्या आणि माश्याही टाकल्या, आणि तरीही जुने घट एकेक करून वाळले व नवा एकही आला नाही; असे का, हा आपला प्रश्न आहे. पाने मात्र पूर्वीपेक्षा रुंद आणि गर्द हिरवी झाली आहेत. त्याला जोडून आपण आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: ही वनस्पती मेघालयातीलच आहे का, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाणार असल्यामुळे एखादे रोप सोबत आणता येईल का.

मी गेली २२ वर्षे कीटकभक्षी वनस्पती वाढवीत आहे. माझी पहिली घटपर्णी मी अगदी याच पद्धतीने, शेणखत आणि पालापाचोळ्याच्या सुपीक मातीत लावून गमावली होती. तेव्हा मला तिचे दुखणे समजले नाही. ते समजले त्यानंतर तीन वर्षांनी, जेव्हा मी ती वनस्पती तिच्या स्वतःच्या भूमीत उभी असलेली पाहिली. म्हणून आपल्या कुंडीकडे येण्याआधी मी आपल्याला मेघालयात नेणार आहे. तिथली जमीन ध्यानात आल्याशिवाय कुंडीतील कोणताही उपाय पटणार नाही.

भारतात घटपर्णीची एकच जाती नैसर्गिकरीत्या आढळते, ती म्हणजे नेपेंथिस खासियाना. जोसेफ डाल्टन हुकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये खासी टेकड्यांत वनस्पतिसंग्रह केला होता आणि १८७३ मध्ये त्यानेच या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून तिला त्या टेकड्यांचे नाव दिले. गारो, खासी आणि जयंतिया या तिन्ही टेकड्यांमध्ये ती तुटक तुटक पट्ट्यांत आढळते, साधारणपणे ५०० ते १५०० मीटर उंचीच्या दरम्यान. या प्रजातीच्या १७० हून अधिक जाती जगात ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपाइन्स या बेटांवर आहेत. आपली खासियाना मात्र या मोठ्या गोतावळ्यापासून दूर, एकटी राहिलेली आहे. जनुकीय अभ्यासांत ती श्रीलंका, सेशेल्स आणि मादागास्कर येथील घटपर्णींसह या कुळाच्या प्राचीन शाखांमध्ये गणली गेली आहे. सह्याद्रीत घटपर्णी नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते, कारण पाऊस आणि जमीन पाहता ती तिथे असायला हरकत नव्हती.

मी ती प्रथम पाहिली बाघमाऱ्याला. दक्षिण गारो हिल्स जिल्ह्याचे हे मुख्यालय सिमसांग नदीच्या काठी, बांगलादेशाच्या सीमेलगत आहे. गावाबाहेरच्या टेकाडावर घटपर्णीसाठी १९८४ पासून राखलेले एक अभयारण्य आहे, आणि त्याचे क्षेत्र सात एकरांपेक्षाही कमी आहे. अभयारण्य म्हटल्यावर मी घनदाट, ओल्या, काळोख्या जंगलाची कल्पना केली होती. प्रत्यक्षात मी उभी होते ती उघड्या उतारावर, गवत आणि खुरट्या झुडपांच्या मध्ये, डोक्यावर ऊन घेऊन. पायाखाली वालुकाश्माची झीज होऊन झालेली फिकट, भुरभुरीत माती होती, आणि ती बोटांत धरली तर काळपटपणाचा लवलेशही दिसत नव्हता. अशा जमिनीत आपल्याकडचा शेतकरी बाजरीही पेरणार नाही. आणि त्याच मातीत, झुडपांवर चढत गेलेल्या वेलींना पिवळट हिरवे, कडेला तांबूस झाक असलेले घट लोंबत होते.

या जमिनीच्या कसहीनतेचे कारण पाऊस आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे बांगलादेशाचे सपाट मैदान ओलांडून एकदम मेघालयाच्या उभ्या कड्यावर आदळतात. मॉसिनराम आणि चेरापुंजी येथे वर्षाला सरासरी ११ हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट. घटपर्णीच्या सगळ्याच जागी इतका पाऊस पडत नाही, पण सर्वत्र तो पुष्कळ आहे. एवढे पाणी उतारावरून वाहते तेव्हा ते मातीतील नत्र, पोटॅश, चुना असे विरघळणारे सारे घेऊन खाली जाते. मागे राहणारी माती आम्लधर्मी असते, आणि तीत असलेला थोडाबहुत स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला गेल्यामुळे मुळांच्या हाती लागत नाही. म्हणजे ऊन भरपूर, पाणी भरपूर, आणि अन्न जवळजवळ नाही. या तिढ्यातून सुटण्यासाठी घटपर्णीने नत्र आणि स्फुरद जमिनीऐवजी किड्यांच्या शरीरांतून मिळवण्याची वाट धरली. ऊर्जेसाठी ती किडे खात नाही. साखर तिची ती इतर कोणत्याही हिरव्या झाडासारखी उन्हात तयार करते.

हाच न्याय आपल्या कास पठारावरही दिसतो. जांभ्या खडकावरच्या पातळ, पावसाने धुतलेल्या मातीत तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवे उगवतात, आणि या दोन्ही कीटकभक्षीच आहेत. पहिली चिकट केसांनी किडे धरते, तर दुसरी मातीखालच्या बारीक फुग्यांनी ओल्या मातीतील सूक्ष्म जीव ओढून घेते. कासला जाणाऱ्या प्रत्येकाने निळ्या फुलांच्या गालिच्यापुढे क्षणभर थांबून हा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

आता घटाविषयी. आपण जिला पान म्हणता ती खरे तर पानाच्या तळाची पसरट झालेली बाजू आहे. तिची मधली शीर टोकाच्या पुढे ताणासारखी, म्हणजे लवचिक दोऱ्यासारखी, वाढते, आणि त्या ताणाच्या शेवटी पानाच्या खऱ्या पात्यापासून घट तयार होतो. प्रत्येक पानाला एकदाच घट येऊ शकतो. कोवळा घट झाकणाने पूर्ण बंद असतो आणि आतील द्रव झाडाने स्वतः स्रवलेला असतो. पावसाचे पाणी साठून घट भरतो हा समज चुकीचा आहे. झाकण एकदा उघडले की ते पुन्हा कधीही मिटत नाही. शाळेच्या पुस्तकांतील चित्रांमुळे पुष्कळांना वाटते की किडा आत गेल्यावर झाकण लागते, परंतु झाकणाचे काम पावसाने द्रव पातळ होऊ न देणे आणि त्याच्या खालच्या बाजूला स्रवणाऱ्या मधाने किड्यांना बोलावणे एवढेच आहे.

पकडण्याचे काम घटाची ओठासारखी कड करते. तिच्यावर आतल्या दिशेने उतरणाऱ्या बारीक खाचा असतात. दव, पाऊस किंवा मध यांनी ती ओली झाली की तिच्यावर पाण्याचा सलग पातळ थर पसरतो आणि मुंगीचे पाय टिकत नाहीत. तिच्या खाली, घटाच्या आतल्या भिंतीवर मेणाच्या सुट्या कणांचा थर आहे, जो पायांना चिकटून गळून पडतो. त्याखाली पाचक ग्रंथी आणि द्रव. त्रिवेंद्रमजवळच्या पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णप्रदेशीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की खासियानाच्या घटाची कड अतिनील प्रकाशात निळसर चमकते, आणि ती चमक झाकल्यास घटात सापडणारे किडे खूपच घटतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा तो निळा वलयाकार दिवा मुंग्यांना दिसत असावा. पकडल्या जाणाऱ्या किड्यांत मुंग्याच सर्वाधिक असतात.

द्रवाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या माश्या टाकण्याशी थेट संबंधित आहे. किड्याच्या कवचातील कायटिन द्रवात आले की खासियानाचा घट कवच फोडणारी विकरे तर वाढवतोच, शिवाय ड्रोसेरोनसारखी बुरशीला रोखणारी रसायनेही त्यात सोडतो. किडा मरताच त्यावर बुरशी आणि जीवाणू हक्क सांगू लागतात, आणि झाडाला त्यांच्या आधी तो पचवायचा असतो. ही यंत्रणा एकावेळी थोड्या, लहान किड्यांसाठी घडलेली आहे. दोन मोठ्या माश्या एकदम पडल्या की द्रव कुजतो, घटाची भिंत तपकिरी होते आणि तो घट वेळेआधीच वाळतो. आपल्या सातांपैकी काही घट असेच गेले असतील. त्याउलट रानातील निरोगी घटात डासांच्या अळ्यांसारखे काही जीव चक्क जिवंत राहतात आणि पडलेल्या किड्यांचे तुकडे करून पचनाला हातभार लावतात.

तिथल्या लोकांनी ही सारी रचना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी पाहून ठेवली होती. गारो भाषेत घटपर्णीला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. खासीत ‘तिऊ-राकोट’, म्हणजे राक्षसी फूल. आणि जयंतियांकडील नावाचा अर्थ झाकण असलेले माश्यांचे जाळे असा होतो. या तिसऱ्या नावात तर तिची सगळी शरीररचनाच आली आहे. बाघमाऱ्याजवळचे बलपाक्रमचे पठार मृतात्म्यांचे वसतिस्थान आहे अशी गारोंची श्रद्धा आहे, आणि तिथेही भुताची ही टोपली उगवते. न उघडलेल्या घटातील द्रव डोळ्यांत घालण्याची परंपरागत पद्धत तिकडे आहे. त्या ज्ञानाविषयी मला आदर आहे. मात्र पर्यटकाने तो प्रयोग करू नये, कारण प्रत्येक थेंबासाठी एक घट उघडण्याआधीच मोडावा लागतो.

रोप आणण्याबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे: आणू नये. नेपेंथिस खासियाना वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. १९९१ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात वनस्पतींसाठी वेगळे प्रकरण आले, आणि सहाव्या परिशिष्टात ज्या मोजक्या वनस्पती घेतल्या गेल्या त्यांत ही एक होती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती नावे तिसऱ्या परिशिष्टात आहेत. रानातून ती तोडणे, उपटणे आणि परवान्याविना तिची लागवड किंवा विक्री करणे हा गुन्हा आहे. संकटग्रस्त प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारात घटपर्णीच्या दोनच जाती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत: बोर्निओतील किनाबालू परिसराची नेपेंथिस राजा आणि आपली खासियाना.

कायद्याइतकेच महत्त्वाचे कारण तिच्या प्रजननात आहे. घटपर्णीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात, आणि फुलोरा येईपर्यंत कोणती नर व कोणती मादी हे ओळखता येत नाही. बी धाग्यासारखे हलके असते, वाऱ्यावर जाते आणि थोड्याच काळात उगवणशक्ती गमावते. त्यामुळे एखाद्या उतारावर पंधरा वेली उरल्या असतील आणि त्यांतील तीन मादी वेली हौशी माणसांनी उपटून नेल्या, तर तो उतार वरून हिरवा दिसत राहतो, पण त्याचा वंश तिथेच थांबतो. जयंतिया टेकड्यांतील कोळशाच्या उंदीरबिळांसारख्या खाणी, ज्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातली, चुनखडीच्या खाणी, फिरत्या शेतीचे आखूड होत गेलेले चक्र आणि रस्त्यांचे रुंदीकरण यांनी तिच्या जागा आधीच तोडून टाकल्या आहेत. रस्त्याच्या बाबतीत तर मला दुःखद विसंगती दिसली. नव्याने कापलेल्या, उघड्या पडलेल्या आम्ल मातीच्या दरडीवर कोवळी रोपे चांगली धरतात, कारण तिथे ऊन असते आणि दुसरे कोणी जागा अडवत नाही. आणि चारपाच वर्षांनी रस्ता आणखी रुंद करताना नेमकी तीच दरड खरवडली जाते. मेघालयातील बहुतेक वनजमीन सरकारची नसून कुळांच्या आणि गावांच्या मालकीची आहे, त्यामुळे तिथल्या घटपर्णीचे भवितव्य मोठ्या प्रमाणात गावसभांच्या हाती आहे. शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीत ऊतीसंवर्धनाने तिची रोपे तयार करण्याचे काम झाले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते, तरीही ज्या उतारावर ती रोपे परत लावायची तो उतार शिल्लक हवा.

आता आपल्या कुंडीतील रोपाकडे वळू. आपण पाठवलेल्या वर्णनावरून ते खासियाना नसून ‘व्हेंट्राटा’ नावाचा संकर असावा; आपल्याकडील रोपवाटिकांत बहुतेक वेळा तोच विकला जातो, त्याचे पूर्वज फिलिपाइन्समधील आहेत आणि तो बाळगण्यास वरील कायद्याची अडचण नाही. देश वेगळा असला तरी त्याच्या मुळांची अपेक्षा तीच आहे: हवेशीर, ओलसर, आम्ल आणि अन्नहीन आधार. आपण नेमके याच्या उलट दिले. मुळांना गांडूळखतातून नत्र आयते मिळू लागल्यावर झाडाला घटासारखा खर्चिक अवयव घडवण्याचे कारण उरले नाही, आणि त्याने सगळी शक्ती पानाच्या हिरव्या पसाऱ्यात घातली. ती गर्द हिरवी, रुंद पाने आपण आरोग्याचे लक्षण मानलीत. मी ती पाहिली की आधी कुंडीतले खत शोधते. त्यात बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार दर आठवड्याला साचत गेले, आणि हे पुढे मुळांनाच मारतात.

रोप कुंडीतून काढावे आणि जुनी माती पावसाच्या पाण्यात हलकेच धुऊन काढावी. घटपर्णीची मुळे काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. काळी दिसली म्हणून ती सडलेली समजून कापू नयेत. नवा आधार म्हणून लांब धाग्याचे स्फॅग्नम शेवाळ दोन भाग, पर्लाइट (पांढरे, हलके खडे) एक भाग आणि लाकडी कोळशाचे किंवा सालीचे थोडे तुकडे मी वापरते. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, पण त्यांत मीठ असते, म्हणून ते तीनचार दिवस पाणी बदलत भिजवून धुवावे लागतात. कुंडी प्लास्टिकची, सहा इंचांची पुरे. मातीची कुंडी लवकर कोरडी पडते आणि तिच्या भिंतीत क्षार साठतात. पाणी पावसाचे किंवा आरओ यंत्रातून गाळलेले द्यावे. क्षार मोजण्याचे पेनासारखे साधन (टीडीएस मीटर) मिळते, त्यावर आकडा ५० च्या आत असला तर उत्तम, १०० पर्यंत चालते. त्या यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र कधीही देऊ नये, कारण त्यात क्षार अधिकच दाट झालेले असतात. आधार कायम ओलसर असावा, पण कुंडी पाण्याच्या थाळीत उभी ठेवू नये. मेघालयातील उतारावर पाणी वाहत असते, तुंबत नसते.

उजेड आणि हवेतील ओल या दोन गोष्टींत पुण्यात खरी कसोटी लागते. सकाळचे नऊ-साडेनऊपर्यंतचे कोवळे ऊन आणि नंतर ५० टक्के शेडनेटखालील लख्ख उजेड द्यावा; दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील सावलीत घट येत नाहीत. मार्च ते मे या काळात आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी होते की ताणाच्या टोकावरची घटाची कळी फुगण्याआधीच काळी पडते. त्यासाठी रोप इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवावे, खाली ओल्या खडीचा ट्रे ठेवून कुंडी खडीवर, पाण्याला न टेकता ठेवावी आणि दुपारच्या झळा अडवाव्यात. मी उन्हाळ्यात घटांची अपेक्षाच धरत नाही. रोप जिवंत आणि मुळे निरोगी ठेवते, आणि मृगाच्या पावसानंतर नव्या पानांची वाट पाहते. मेघालयातही पावसाळा सरल्यावर हिवाळ्याचे महिने बऱ्यापैकी कोरडे असतात.

खत बंद, किडे टाकणेही बंद. गच्चीवर किंवा सज्जात ठेवलेल्या घटपर्णीला मुंग्या स्वतःच शोधून काढतात. जी पाने आता आहेत त्यांच्या ताणांची टोके काळी पडली असतील तर त्यांना घट कधीच येणार नाही, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नये. ती हिरवी आहेत तोवर झाडासाठी अन्न बनवतात, म्हणून कापूही नयेत. आधार बदलल्यानंतर निघणारे तिसरे किंवा चौथे पान पाहावे. त्याच्या ताणाच्या टोकाशी मटकीच्या दाण्याएवढी फुगीर, वर वळलेली कळी दिसली की झाड मार्गावर आले आहे. तिथून घट उघडेपर्यंत आणखी काही आठवडे जातात, आणि त्या काळात कुंडीची जागा किंवा दिशा बदलू नये.

मेघालयात अवश्य जावे. शिलाँगहून गेलात तर जोवाईहून डावकीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जरैन हे ठिकाण आपल्याला सोयीचे पडेल. बाघमारा दूर आहे, पण वेळ असेल तर तिथली उघडी टेकडी पाहिल्याशिवाय परत येऊ नये असे मी सांगेन. एखाद्या स्थानिक माणसाला सोबत घ्यावे, पायवाट सोडू नये, कारण कोवळी रोपे गवतात लपलेली असतात. जमिनीलगतचे घट आणि वेलीवर उंच लोंबणारे घट यांची तुलना करावी: खालचे फुगीर आणि पुढे दोन झालरी असलेले असतात, वरचे सडपातळ, नरसाळ्यासारखे. दिवाळीच्या सुमारास मादी वेलींवर फळे धरलेली असू शकतात. ती तोडू नयेत, बी वाऱ्याला लागते. छायाचित्रे भरपूर काढावीत, पण ती इंटरनेटवर टाकताना मोबाइलमधील ठिकाणाची नोंद बंद ठेवावी, कारण रोपे उपटून विकणारे लोकही तीच छायाचित्रे पाहत असतात.